आमच्या गाडीतले घोडे गेले कुठे

आमच्या गाडीची ताकद वाढावी म्हणून मी जे जे केलं, त्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीने तिची ताकद कमी झाली. हे माझं मत नाही. हे मशीनवर मोजलेलं आहे, आणि मोजताना आमचं अख्खं खानदान मोबाईलवर बघत होतं.

गाडी तशी माझी नाही, दादांची. दादा म्हणजे माझे वडील. कल्याणजवळ मोहन्याच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर ही छोटी पांढरी गाडी घेतली आणि मग आईला घेऊन शाळेला सुट्टी लागल्यासारखे फिरत सुटले. माळशेज, भंडारदरा, जुन्नर, कराडला आत्याकडे. गाडी दादा चालवायचे आणि आई शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलून त्यांच्या हातावर ठेवायची.

गेल्या वर्षी आई गेली. दादा मोहन्याचं घर बंद करून आमच्याकडे डोंबिवलीला, कोपरला राहायला आले. गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि मग गाडीत बसायचंच टाळायला लागले. बोलणंही आटलं. "चहा ठेवू का दादा?" तर "ठेव." "भाजी कशी झालीय?" तर "बरी." माझी बायको सुजाता रोज असे प्रश्न शोधून काढायची, ज्यांचं उत्तर एका शब्दात देणं शक्यच नाही. दादा देऊन दाखवायचे.

अशात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरलं आणि तपासणीसाठी त्यांना ठाण्याला न्यायची वेळ आली. रिक्षाने एवढं लांब नेणं बरं नाही म्हणून मी गाडी काढली. दादा काही न बोलता मागच्या सीटवर बसले. सुजाता त्यांच्याशेजारी, आमची मुलगी केतकी माझ्याशेजारी. उकाडा मरणाचा, त्यामुळे एसी फुल.

मुंब्रा बायपासच्या चढावर गाडीने मान टाकली. बंद नाही पडली, पण इंजिन नुसतंच ओरडत होतं आणि चाकं जणू "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत होती. मी दुसरा गिअर टाकला, मग पहिला टाकला. (त्याच्या खाली गिअर नसतो, नाहीतर तोही टाकला असता.) एवढ्यात कोबीने भरलेला एक टेम्पो आम्हाला ओलांडून पुढे गेला. कोबीच्या ढिगाला टेकून बसलेल्या माणसाने आमच्याकडे अशा काही सहानुभूतीने बघितलं की मी आरशात बघायचं नाटक केलं.

मागून दादांचा आवाज आला. "पूर्वी चढायची ही."

इतक्या महिन्यांत दादा आपणहून बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं, तेही क्रियापदासकट.

ते मी इतकं मनाला लावून घेतलं की घरी आल्या आल्या सुजाताला सांगितलं, "गाडीची ताकद वाढवायची. दादांच्या वाढदिवसाच्या आत. ही गाडी परत चढली पाहिजे."

"मिलिंद," ती म्हणाली, "मला नाही वाटत ते गाडीबद्दल बोलत होते."

"मग कशाबद्दल बोलत होते? कोबीबद्दल?"

ती कुकर लावायला निघून गेली. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झालीत, त्यामुळे कुठे थांबायचं ते तिला कळतं. मला कळत नाही, म्हणून मी तिच्या भावाला फोन लावला.

सुजाताचा धाकटा भाऊ विकी ठाण्यात खोपटला राहतो. त्याचं मोबाईलच्या अ‍ॅक्सेसरीजचं दुकान आहे, पण मन गाड्यांत आहे. मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून त्याचं असं मत झालंय की कंपन्या मुद्दाम गाड्या कमजोर बनवतात आणि खरी गाडी आतमध्ये कोंडून ठेवलेली असते, आपण फक्त ती बाहेर काढायची.

"जिजू, टेन्शन नको," तो म्हणाला. "इंजिन म्हणजे काय? श्वास. हवा आत घ्यायची, धूर बाहेर टाकायचा. आपल्या गाडीचं नाकच चोंदलंय. आपण आधी नाक मोकळं करू, मग पाइप मोकळा करू, मग रिमॅप मारू. म्हणजे गाडीच्या डोक्यातला प्रोग्राम बदलायचा. बुंगाट होणार गाडी."

मला ते फार पटलं. चाळिशीनंतर श्वासाबद्दल कोणीही काहीही सांगितलं तरी मला पटतं.

पहिल्यांदा नाक मोकळं केलं. म्हणजे एअर फिल्टरचा काळा बंद डबा काढून टाकला आणि त्या जागी लाल रंगाचा, उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवला. बॉनेट उघडलं की इतका देखणा दिसायचा की मी दोन-तीनदा उगाचच बॉनेट उघडून शेजाऱ्यांना तेल दाखवलं. गाडी सुरू करून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आतून खोल श्वास ओढल्यासारखा आवाज यायचा.

"बाबा, गाडीला दमा झालाय का?" केतकीने विचारलं.

"पॉवर आहे ती," मी म्हणालो.

मग मागचा पाइप बदलला. विकीच्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने जुना सायलेन्सर काढून असा रुंद पाइप बसवला की त्यात आरामात एक नारळ बसला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना मी पार्किंगमध्ये गाडी सुरू केली. त्याबरोबर बी विंगमधून तीन बायका बादल्या घेऊन खाली आल्या. आमच्याकडे त्या आठवड्यात पाण्याची बोंब होती आणि त्या आवाजाने सगळ्यांना वाटलं, टँकर आला. तळमजल्यावरच्या गायकर काकांनी तर पाइप जोडायला टाकीचं झाकणही उघडून ठेवलं होतं.

"टँकर कुठाय?" काकांनी मला विचारलं.

"टँकर नाही काका. मी चाललोय ऑफिसला."

गायकर काकांनी आधी माझ्याकडे, मग त्या पाइपकडे आणि मग हातातल्या झाकणाकडे बघितलं. "मिलिंद, सोसायटीत राहतोस ना रे तू?" एवढंच म्हणून ते आत गेले. मला मात्र त्या दिवशी ठाण्यापर्यंत गाडी हवेत असल्यासारखी वाटली. आवाज एवढा वाढल्यावर ताकद वाढली नसेल, अशी शंकासुद्धा मनात आली नाही.

तिसरी गोष्ट चाकं. त्यांचा तसा इंजिनशी काही संबंध नव्हता, पण विकी म्हणाला, "जिजू, एवढी पॉवर रस्त्यावर उतरणार कशी? ग्रिप नको?" म्हणून रुंद टायर आणि मोठ्या रिमा आल्या. त्या इतक्या रुंद होत्या की स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासायचा. त्यामुळे मी डावीकडची तीव्र वळणं घ्यायची सोडूनच दिली. कोपर स्टेशनहून घरी यायला आता मला तीन उजवी वळणं घ्यावी लागायची. जुनी चाकं सुजाताने गॅलरीत नेली आणि त्यांच्यावर कोरफडीच्या कुंड्या मांडल्या. "यांचा तरी काही उपयोग होऊ दे," ती म्हणाली.

शेवटी रिमॅप. खोपटच्या एस.टी. डेपोच्या मागच्या गल्लीत विकीचा एक मित्र लॅपटॉप घेऊन आला. त्याने गाडीला वायर जोडली, स्क्रीनवर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली आणि तो म्हणाला, "झालं. आता पेट्रोल फक्त भारीतलं टाका, हां." मी मान डोलावली. मग नेहमीच्या पंपावर गेलो आणि नेहमीचंच टाकलं. भारी पेट्रोल हा मला दुकानदाराने आग्रहाने दाखवलेल्या दुसऱ्या शर्टासारखा प्रकार वाटला.

आता एवढं सगळं केल्यावर दादांना दाखवायचं कसं? बायपासवर नेलं असतं तर ते मागच्या सीटवर बसून "हं" म्हणाले असते. तोडगा विकीनेच काढला.

"डायनोवर लावू," तो म्हणाला. "घोडबंदर रोडला एक शेड आहे. गाडीची चाकं रोलरवर ठेवतात आणि गाडी जागच्या जागी पळवतात. किती घोड्यांची ताकद आहे ते मशीन आकड्यात सांगतं. दादा सायन्सचे सर ना? त्यांना आकडा द्या."

मला तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला सल्ला वाटला. वाढदिवस रविवारी होता. मी दादांना सांगितलं की डॉक्टरांनी पुन्हा बोलावलंय. ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते, डोळ्यांवर तो मोठा काळा चष्मा होता, त्यामुळे ते निमूट गाडीत बसले. मांडीवर केकचा डबा घेऊन सुजाता त्यांच्याशेजारी बसली. टँकरच्या आवाजात आम्ही ठाण्याकडे निघालो. दादा अधूनमधून मागे वळून बघत होते. नंतर कळलं, मागचा टँकर आपल्याला ओव्हरटेक का करत नाही हे त्यांना समजत नव्हतं.

शेडसमोर गाडी थांबल्यावर ते उतरले, चष्म्यातून वर बोर्डाकडे बघितलं आणि म्हणाले, "हा दवाखाना नाही."

"नाही दादा. सरप्राइज आहे."

शेड चालवणारी मुलगी श्रुती घरत. इंजिनिअर, तिशीच्या आतबाहेरची, केस घट्ट बांधलेले, कानाला मोठे हेडफोन. घरच्याच जागेत तिने ही शेड टाकली होती. काळा गॉगल लावलेले, पांढऱ्या केसांचे, एक शब्द न बोलणारे दादा बघून तिच्या माणसांना ते कोणीतरी रेसिंगमधली मोठी असामी वाटले असावेत. त्यांना लगेच पंख्यासमोर गादीची खुर्ची मिळाली. मला उभं राहायला सांगितलं.

गाडी रोलरवर चढवली. चारी बाजूंनी पट्ट्यांनी जमिनीला बांधली. दादा खुर्चीत पुढे झुकले.

"हिला बांधलंय कशाला?"

"पळून जाऊ नये म्हणून, आजोबा," श्रुती म्हणाली.

इकडे विकीने मोबाईल काढून 'आपला परिवार' ग्रुपवर व्हिडिओ कॉल लावला होता. कराडहून आत्या आली. आत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण. तिच्यामागून चुलतभाऊ आले, भाचे आले, पुण्याचे आले, नाशिकचे आले. स्क्रीन चौकोनी तोंडांनी भरून गेली.

श्रुती गाडीत बसली आणि तिने अ‍ॅक्सिलरेटर दाबत नेला. शेडचे पत्रे थरथरायला लागले. केतकीने कान झाकले. चाकं गरागरा फिरत होती आणि मी दादांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, पण त्या चष्म्यातून काही कळायला मार्ग नव्हता. मग आवाज खाली आला आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर आकडा उमटला.

कंपनीच्या माहितीपत्रकात या गाडीचे ऐंशीच्या वर घोडे लिहिलेत. त्यात विकीचे वाढीव घोडे धरून मी शंभराच्या आसपासचं स्वप्न बघत होतो. स्क्रीनवर साठही पूर्ण नव्हते.

ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. साठ म्हणजे चांगले की वाईट हे कोणालाच माहीत नव्हतं. अंगठे, फुलं, पेढ्यांची चित्रं. मग आत्याचा आवाज आला, "आरं मिलिंदा, मगाधरनं पळतीया गाडी. पोचली कुटं?"

"कुठेच नाही आत्या. जागेवरच आहे."

"मग एवढा आवाज कशापायी?"

या प्रश्नाचं उत्तर मी आजही शोधतोय.

विकी स्क्रीनजवळ जाऊन परत परत बघत होता. "मशीन बिघडलंय ताई तुमचं," तो श्रुतीला म्हणाला.

"असंच म्हणतात सगळे," ती शांतपणे म्हणाली. हे वाक्य तिने त्या आठवड्यात बऱ्याच वेळा म्हटलं असणार.

माझा चेहरा पडला होता. वाढदिवसाला वडिलांना शेडमध्ये आणून, काळ्या चष्म्यासकट खुर्चीत बसवून, सगळ्या नातेवाइकांसमोर मी त्यांना त्यांचीच गाडी किती थकलीय ते दाखवलं होतं. सुजाताने केकचा डबा हळूच स्टुलाखाली सरकवला. मी दादांना म्हणालो, "सॉरी दादा. कमी झालेत घोडे."

आणि दादांनी विचारलं, "आधीचा आकडा काय होता?"

"ऐंशीच्या वर."

"कोणी मोजला?"

"कंपनीने."

"याच मशीनवर?"

"नाही... ते कारखान्यात."

"आजोबा, कंपनी नुसतं इंजिन मोजते," श्रुती म्हणाली. "आपण इथे चाकावर मोजतो. इंजिनपासून चाकापर्यंत येताना गिअर, बेअरिंग, टायर सगळे आपापला वाटा काढून घेतात. त्यामुळे इथे आकडा कमीच येणार. आणि दुसऱ्या कोणाच्या मशीनवर लावलं तर अजून वेगळा येईल."

"म्हणजे," दादा माझ्याकडे वळले, "हे सगळं बसवायच्या आधी तू हिला इथे आणून मोजलं नव्हतंस?"

"नाही."

"मग वाढली की कमी झाली, हे कशावरून सांगतोस?"

शाळेत फळ्यासमोर उभा असल्यासारखे मी हात मागे बांधले. मोबाईलमधून कराडचा आवाज आला, "दादा बोलतुय? विकी, क्यामेरा फिरव. त्याच्याकडं फिरव."

दादा खुर्चीतून उठले. "काय काय बदललंस?"

मी सांगायला लागलो तसे ते गाडीभोवती फिरायला लागले. बॉनेट उघडायला लावलं, त्या लाल शंकूजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. "इथे हात लाव."

मी लावला. पोळला.

"जुना डबा बाहेरची गार हवा आत ओढायचा. तू तो काढून हिचं नाक चुलीच्या तोंडाशी आणून ठेवलंस. आता गरम हवा विरळ असते, हे मी तुला कितवीत शिकवलं?"

"आठवीत," माझ्या आधी केतकी म्हणाली.

जुना डबा आणि सायलेन्सर गाडीच्या डिकीतच होते, कारण घरी आणायची मला परवानगी नव्हती. श्रुतीच्या पुढच्या गिऱ्हाइकाला अजून वेळ होता आणि तिलाही आता गंमत वाटायला लागली होती. दादा म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट बदला. इंजिन तेवढंच तापलेलं असू द्या, पंखा तिथेच असू द्या." श्रुतीने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू बऱ्याच दिवसांनी तिला तिच्या भाषेत बोलणारं कोणीतरी भेटलं होतं.

जुना डबा बसवला. आकडा वर गेला.

ग्रुपवर नाशिकच्या भावाने विचारलं, "वाढला ना? काय बसवलं?"

"बसवलेलं काढलं," विकी पडलेल्या आवाजात म्हणाला.

मग टायरमधली हवा बघितली. कमी होती. पुरेशी भरल्यावर आकडा किंचित हलला. रिमा जड आहेत, त्या फिरवण्यातच इंजिनचा जीव जातोय, असं श्रुती म्हणाली. पण जुनी चाकं कोरफडीखाली होती, त्यामुळे तो प्रयोग झाला नाही. मग तिने लॅपटॉप जोडला आणि भुवया वर केल्या.

"पेट्रोल कुठलं टाकता?"

"साधंच," मी म्हणालो.

"हा प्रोग्राम भारी पेट्रोलसाठी लिहिलाय. साध्यावर इंजिन आतून ठोके द्यायला लागतं. गाडीच्या कॉम्प्युटरला ते ऐकू येतं, मग तो घाबरून स्वतःच ताकद कमी करतो. इंजिन फुटू नये म्हणून."

"म्हणजे गाडीला अक्कल आहे," सुजाता म्हणाली. कोणाला नाही, हे तिने सांगितलं नाही.

श्रुतीने कंपनीचा मूळ प्रोग्राम परत टाकला. पुढची फेरी घेण्याआधी ती सहज म्हणाली, "एसी चालू नाही ना? बघा जरा. चालू असला की तोही इंजिनकडून ताकद घेतो."

दादा वाकले आणि खिडकीतून हात घालून त्यांनी एसीचं बटण बघितलं. बंदच होतं. तरी त्यांचा हात तिथेच राहिला.

"कमल करायची हे," ते म्हणाले.

कमल म्हणजे आई.

"चढ आला की एसी बंद करायची. मला न विचारता. मी म्हणायचो, अगं उकडतंय. तर म्हणायची, जरा वेळ उकडू दे, बिचारीला दम लागतोय. वर पोचलो की परत लावायची." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मला वाटायचं, गाडीच चढतेय."

केतकी जाऊन त्यांच्या दंडाला धरून उभी राहिली. मोबाईलमधल्या कराडच्या चौकोनात फक्त पदर दिसत होता. सुजाताने माझ्याकडे बघितलं. ती "मी सांगितलं होतं" असं म्हणाली नाही, आणि त्याबद्दल मी तिचा आजन्म ऋणी आहे.

मग दादांनीच घसा खाकरला. "हं. घ्या पुढची फेरी."

पुढच्या फेरीत आकडा चांगला चढत होता, आणि मध्येच एकदम विचित्र झालं. इंजिनचा आवाज टिपेला गेला, पण रोलर काही जास्त फिरेना. स्क्रीनवरची रेष चढता चढता पायरी चुकल्यासारखी खाली आली. जळक्या ब्रेडसारखा वास सुटला. श्रुतीने गाडी बंद केली आणि खाली उतरली.

"पहिल्या फेरीतच शंका आलेली मला. क्लच सरकतोय. इंजिन फिरतं, पण त्याची ताकद चाकांपर्यंत पोचतच नाही. तुम्ही इंजिनात शंभर घोडे घाला नाहीतर दोनशे, ते सगळे क्लचच्या दारातच अडकून बसणार."

"मग चढावर जे व्हायचं ते...?"

"तेच. घरी बसून क्लच असा जात नाही. कोणीतरी चालवताना सारखा क्लचवर पाय ठेवतं. कोण चालवतं गाडी?"

मी उत्तर देण्याआधी केतकीचं बोट माझ्याकडे वळलं होतं. सुजाताचंही. विकीने, ज्याच्या सल्ल्याने मी एवढं सगळं केलं त्या माझ्या सख्ख्या मेहुण्याने, कॅमेरा माझ्यावर रोखला.

"ट्रॅफिकमध्ये ठेवावा लागतो," मी म्हणालो.

"मी इतकी वर्षं माळशेज चढलो," दादा म्हणाले, "मला नाही लागला ठेवायला."

आम्ही केक तिथेच कापला, रोलरच्या शेजारी. श्रुतीने मोठा तुकडा घेतला. परत येताना दादा माझ्याशेजारी पुढच्या सीटवर बसले आणि घोडबंदरपासून कोपरपर्यंत बोलत राहिले: पाय काढ, आता टाक, आता काढ, पाय म्हटलं ना. कळव्यात मी सुजाताला आरशातून खूण केली की त्यांना जरा थांबव. ती खिडकीबाहेर बघून हसत होती.

पुढच्या आठवड्यात क्लच बदलला, जुना सायलेन्सर परत आला, कोरफड जमिनीवर आली. मी गायकर काकांकडे जाऊन टाकीच्या झाकणाबद्दल माफी मागितली. विकीने तो लाल फिल्टर नेला आणि त्याच्या दुकानात काउंटरवर पेन ठेवायला लावला. एका सकाळी दादांनी आम्हाला गाडीत बसवलं आणि बायपासचा चढ चढायला लावला. चढ सुरू झाला तसा त्यांनी हात पुढे करून एसी बंद केला. आम्ही चौघंही घामाघूम होऊन वर पोचलो आणि कोणी तक्रार केली नाही.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण श्रुतीने दादांचा नंबर घेऊन ठेवला होता. तिच्याकडे येणारी निम्मी माणसं आकडा बघून तिच्यावरच चिडायची, आणि तिला प्रत्येकाला तेच तेच समजवायचा कंटाळा आला होता. तिने दादांना विचारलं, रविवारी याल का जरा वेळ? तेव्हापासून दर रविवारी दादा इस्त्रीचा शर्ट घालून घोडबंदरला जातात आणि त्याच गादीच्या खुर्चीत बसून हिरमुसलेल्या माणसांना हवा, उष्णता आणि घर्षण शिकवतात. नेऊन सोडायला अर्थातच मी असतो.

परवा एक गृहस्थ आले. माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच पोट सुटलेले, गाडीला माझ्यासारखेच रुंद टायर. मशीन बिघडलंय म्हणून त्यांनी आवाज चढवला. दादांनी त्यांना शांतपणे बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "हे सगळं बसवायच्या आधी मोजलं होतंत?"

"नाही."

दादांनी समजुतीने मान हलवली आणि मागे वळून मला हाक मारली.

"मिलिंद, इकडे ये. यांच्या शेजारी उभा राहा. म्हणजे यांना एकटं वाटायला नको."